नोंद आणि वर्दी

'नोंद' आणि 'वर्दी' हे दोन शब्द बोलण्याच्या ओघात आपण पुष्कळदा एकाच अर्थी योजतो. वास्तविक त्यांत मोठा भेद आहे. नोंद वहीत पडून राहू शकते. वर्दी मात्र कोणीतरी कोणाला तरी द्यावी लागते. आपल्या शाळांची दप्तरे आज ज्या सर्व्हरवर जाऊन बसली आहेत, त्या यंत्राच्या बाबतीत हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे झाले आहे.

सर्व्हरच्या मुख्य फलकावर एक लहानसा स्वतंत्र नियंत्रक बसविलेला असतो. संगणक बंद असला तरी वीजजोडणी आहे तोवर हा जागाच असतो. पंख्यांची गती, आतील उष्णता, विजेचा दाब यांवर तो लक्ष ठेवतो आणि ठरलेली मर्यादा ओलांडली गेली की आपल्या लॉगमध्ये वेळेसह एक ओळ लिहितो. (लॉगला आपला 'रोजकीर्द' हा जुना शब्द मला अधिक शोभतो, जमाखर्चाचा वास त्याला आहे, पण कालक्रमही आहे.) या व्यवस्थेचे सामाईक संकेत इंटेल, डेल, ह्युलेट-पॅकार्ड व एनईसी या कंपन्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केले.

नवल असे की, यंत्र जितके भरवशाचे, तितकी ही रोजकीर्द वाचण्याची निकड कमी भासते. माहिती दोन डिस्कांवर जुळी लिहिलेली असते. एक निकामी झाली तरी काम अडत नाही. वीजपुरवठ्याचे संच दोन असतात; एक जळाला तरी पडदा काळा होत नाही. बिघाड झालेला असतो, लिहिलाही गेलेला असतो. परंतु दुसरी डिस्क जाईपर्यंत कचेरीत कोणालाही चाहूल लागत नाही. लिंबायत-उधना भागांत खानदेशातून आलेल्या कित्येक कुटुंबांच्या मुलांना जन्मतारखेचा आधार काय तो शाळेच्या जनरल रजिस्टरचा. ते नष्ट झाले तर हानी यंत्राची नव्हे.

वर्दीचे मोल सुरतकरांस तापीने शिकविले आहे. ऑगस्ट २००६ च्या पुरात शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. उकाई धरण येथून सुमारे शंभर किलोमीटर वर आहे. तेथे पातळी मोजली जातेच. पण तो आकडा रांदेर-अडाजणच्या रहिवाशापर्यंत वेळेत न पोचला, तर त्याच्या लेखी मोजला काय नि न मोजला काय! पुढे शहरात पूर्वसूचनेची जी व्यवस्था उभी राहिली, तिचे मर्म पाऊस, धरणातील आवक आणि नदीची पातळी यांची सांगड घालून लोकांस अगोदर कळविणे हेच आहे.

सर्व्हरच्या बाबतीत अशी सांगड घालणे अवघड नाही. विंडोजमध्ये विशिष्ट क्रमांकाची घटना नोंदली जाताच एखादे काम आपोआप सुरू व्हावे, अशी योजना 'टास्क शेड्युलर'मध्ये करता येते. लिनक्सवर 'आयपीएमआयटूल'ने नियंत्रकाची रोजकीर्द वाचता येते, तर 'स्मार्टडी' डिस्कांची प्रकृती पाहून ईमेल पाठवितो. डिस्कांच्या जोडीची नोंद पुष्कळदा निराळ्याच ठिकाणी होते, हे मात्र विसरू नये.

खरा विवेक हवा तो निवडीत. वरील संकेतांत मर्यादाभंगाच्या तीन पायऱ्या आहेत: साधी, गंभीर व न सावरण्याजोगी. पहिलीची वर्दी सायंकाळी एकत्र दिली तरी चालेल. उरलेल्या दोहोंची तत्काळ द्यावी, आणि तीही एकास नव्हे, दोघांस. दर पाच मिनिटांनी तोच निरोप येऊ लागला की तो कोणी वाचीत नाही. म्हणून एका बिघाडाचा निरोप एकदा, आणि दुरुस्ती होईतो दिवसाकाठी एक स्मरणपत्र, इतके पुरे.

नियंत्रकाचे घड्याळही तपासावे, नाहीतर मे महिन्यातील बिघाड जानेवारीच्या नावे लिहिला जातो. ही वही लहान असते. भरली म्हणजे काही यंत्रे नवी नोंद घेणेच थांबवितात, तेव्हा जुन्या नोंदी अन्यत्र उतरवून ती रिती करावी. आणि पार कोसळलेले यंत्र वर्दी देणार तरी कसे? याकरिता रोज सकाळी 'सर्व कुशल' असा निरोप येईल अशी तजवीज असावी. तो न येणे हीच वर्दी. सारे जुळल्यावर, दप्तराची प्रत अगोदर सुरक्षित करून, सुट्टीच्या दिवशी दोन वीजसंचांपैकी एकाची केबल मुद्दाम काढावी आणि निरोप किती मिनिटांत येतो ते घड्याळ लावून पाहावे.