दोषसिद्धी रद्द म्हणजे ‘क्लीन चिट’ नव्हे

दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे आपल्याला ठाऊक झालेल्या एन्रॉनचे हिशेब आर्थर अँडरसन ही कंपनी तपासत असे. २००१ मध्ये एन्रॉन कोसळत असताना अँडरसनने ढीगभर कागदपत्रे नष्ट केली. ज्युरीने (निवडलेल्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने) जून २००२ मध्ये तिला न्यायात अडथळा आणल्याबद्दल (चौकशीच्या कामात गैरहेतूने आडकाठी केल्याबद्दल) दोषी ठरवले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा निकाल एकमताने रद्द केला.

‘म्हणजे कंपनी निर्दोष होती,’ असा समज सहज होतो. तसे नाही. प्रश्नपत्रिकाच चुकीची छापली असेल, तर निकाल रद्द होतो. विद्यार्थ्याची उत्तरे बरोबर होती की चूक, हे त्यातून ठरत नाही. इथे चूक न्यायाधीशांनी ज्युरीला दिलेल्या सूचनांत होती. आपण गैर करतो आहोत याची जाणीव आरोपीला होती, हे सिद्ध व्हायला हवे, ही अट त्यांतून जवळपास निसटली होती. आणि कागद नष्ट करणे हा एरवी कार्यालयांचा नेहमीचाच उद्योग, त्यामुळे सारी मदार या जाणिवेवरच होती.

सरकारने पुन्हा खटला चालवला नाही. तोवर कंपनीचा हिशेब तपासण्याचा व्यवसाय बुडालाच होता.