वासराला हगवण लागली? आधी पाणी भरून काढा

हगवणीत वासरू जंतूंमुळे मरण्याआधी शरीरातले पाणी आणि क्षार संपल्याने मरते. म्हणून डॉक्टर येईपर्यंतचा पहिला उपचार तुमच्याच हातात असतो.

निरोगी आतड्यात पाचक रस सतत पाझरतात आणि जवळजवळ सगळे परत शोषले जातात. हा हिशेब दोन प्रकारे बिघडतो. पहिल्या चार-पाच दिवसांत बहुधा ई. कोलाय जंतूचे विष आतड्याच्या पेशींना पाणी आणि क्षार बाहेर सोडायला लावते. पेशी शाबूत असतात, पण नळ उघडा राहतो. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येणारा रोटा विषाणू मात्र शोषण करणारे बारीक अंकुरच झडवतो. मग न पचलेली दुधातली साखर आतड्यात पाणी ओढते. शेणावाटे बायकार्बोनेटही जाते, रक्तातील आम्लता वाढते आणि वासरू चोखणे सोडून बसून राहते.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट झाली नाही आणि डोळे खोल गेले असतील, तर वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी गेले समजा. ४० किलोच्या वासरात हे तीन लिटरहून अधिक होते.

ग्लुकोज आतड्यात शोषले जाताना सोडियमला सोबत नेते आणि त्यामागून पाणी जाते. विषाने हा मार्ग बंद होत नाही, म्हणून ओआरएस चालते. एक लिटरचे पाकीट एक लिटर कोमट पाण्यातच घोळा. दाट केले तर तेच द्रावण उलट पाणी ओढते. दोन-दोन लिटर दिवसातून दोन-तीन वेळा द्या. दूध बंद करू नका, फक्त दोन्हींत दोन तासांचे अंतर ठेवा. (हगवण थांबवायची माणसांची गोळी देण्याचा मोह टाळा, जंतू आणि विष आतच अडकतात.)

वासरू चोखत नसेल तर नाळीने ओतू नका, ठसका लागून द्रावण फुफ्फुसात जाते. अशा वेळी, तसेच शेणात रक्त किंवा अंगात ताप असल्यास, पशुवैद्यकाकडून सलाईन आणि औषधे लागतात.

पुढच्या वेतासाठी एक गोष्ट. चिकातील रोगप्रतिकारक प्रथिने आतड्यातून रक्तात जाण्याची वाट सुमारे २४ तासांत बंद होते. जार पडेपर्यंत चीक न काढण्याची पद्धत अजून अनेक गोठ्यांत आहे. तिच्यात पहिले मोलाचे तास जातात. जन्मल्यावर दोन तासांच्या आत चीक पाजा.