पत्त्यांच्या खेळातील घटनाधीन नियम आणि त्यांचा क्रम : मेंढीकोट, पाच-तीन-दोन व 'मॅजिक' यांच्या संदर्भात

प्रस्तावना

कोणत्याही खेळाचे नियम स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात. काही नियम डावाच्या आरंभापासून अखेरपर्यंत अखंड लागू असतात. उतारीच्या रंगाचे पान हाती असेल तर तेच टाकले पाहिजे, हा त्यांपैकी एक. दुसऱ्या प्रकारचे नियम मात्र सुप्त असतात. विशिष्ट घटना घडली की ते जागे होतात, आपला परिणाम घडवतात आणि पुन्हा स्वस्थ बसतात. या दुसऱ्या प्रकारास प्रस्तुत लेखात 'घटनाधीन नियम' असे म्हटले आहे.

गणेशोत्सवाच्या जागरणात किंवा मे महिन्यात चाकरमानी घरी आल्यावर रत्नागिरी परिसरात ओटीवर जे डाव रंगतात, त्यांतील बहुतेक वाद या दुसऱ्या प्रकारच्या नियमांवरून होतात. नियम काय आहे याविषयी सहसा दुमत नसते. तो नेमका कोणत्या क्षणापासून लागू झाला आणि दोन नियम एकाच वेळी जागे झाले तर आधी कोणाचा अंमल, येथे घोडे अडते. आपले खेळ मौखिक परंपरेने चालत आलेले असल्याने परिणाम लक्षात राहतो. क्रम मात्र त्या त्या घरच्या रिवाजावर सोडलेला असतो. हा क्रम किरकोळ तपशील नसून खेळाचा गाभा आहे, हे येथे उदाहरणांनी दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

मेंढीकोट : हुकूम केव्हा जन्मतो?

मेंढीकोटात चार भिडू, दोन जोड्या आणि प्रत्येकी तेरा पाने असतात. चार दश्श्या, म्हणजेच मेंढ्या, अधिकाधिक जिंकणे हे उद्दिष्ट. 'कट हुकूम' या प्रकारात डाव हुकुमाविना सुरू होतो. ज्या भिडूजवळ उतारीचा रंग प्रथम संपतो, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम ठरतो. घटना, अट आणि परिणाम ही तिन्ही अंगे येथे स्वच्छ दिसतात.

'बंद हुकूम' अधिक गुंतागुंतीचा आहे. येथे एक पान आरंभीच पालथे ठेवलेले असते आणि रंग नसलेल्या भिडूने मागणी केल्यावर ते उघडले जाते. समजा, पहिल्याने बदाम उतरला. दुसऱ्याकडे बदाम नाही. परंतु हुकूम उघडण्यास न सांगता त्याने इस्पिकची अठ्ठी टाकून दिली. तिसऱ्याकडेही बदाम नाही. त्याने हुकूम उघडायला लावला, तो निघाला इस्पीक, आणि त्याच्याकडे इस्पिकची केवळ पंजी. चौथ्याने बदाम दिला. हात कोणाचा? हुकूम उघडल्या क्षणापासून पुढे लागू होतो असे मानले तर पंजी जिंकते. पालथे पान पहिल्यापासून हुकूमच होते, ते आपल्याला केवळ आता कळले, असे मानले तर अठ्ठी जिंकते. दुसरा आणि चौथा भिडू एका जोडीचे, तिसरा विरुद्ध जोडीचा. म्हणजे नियमाच्या अंमलाचा क्षण बदलताच हात एका पक्षाकडून दुसऱ्याकडे जातो. विधिशास्त्राच्या अध्यापकांना येथे पूर्वलक्षी प्रभावाचा प्रश्न तत्काळ ओळखू येईल. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २०(१) ने फौजदारी कायद्याबाबत तो निकालात काढला आहे. ओटीवर तो दर वर्षी नव्याने उपस्थित होतो. माझ्या मते पहिला पर्याय अधिक ग्राह्य आहे. कारण अठ्ठी टाकणाऱ्याला मागणी करण्याची संधी होती आणि ती त्याने घेतली नाही.

'मॅजिक'मधील चळत

लिखित नियमांनी हा प्रश्न कसा सोडविता येतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'मॅजिक : द गॅदरिंग' हा ट्रेडिंग कार्ड गेम. गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. यात खेळाडू स्वतः जमविलेल्या पत्त्यांतून आपला जोड बनवतो आणि नियमांचा मोठा भाग पत्त्यांवरच छापलेला असतो. ज्या मजकुराचा आरंभ 'जेव्हा' अथवा 'जेव्हा जेव्हा' अशा शब्दाने होतो, तो घटनाधीन समजावा.

घटना घडताच परिणाम होत नाही, ही यातील कळीची बाब होय. जागा झालेला नियम प्रथम एका काल्पनिक चळतीवर ठेवला जातो. त्यावर प्रतिस्पर्ध्याला आपले उत्तर ठेवता येते. सर्वांनी 'पुरे' म्हटल्यावर चळतीतील सर्वांत वरचा, म्हणजे शेवटी आलेला नियम आधी अमलात येतो. संगणकशास्त्रात 'स्टॅक' म्हणून शिकविली जाणारी रचना ती हीच. दोघांचे नियम एकदम जागे झाले, तर ज्याची पाळी चालू आहे त्याचे आधी ठेवायचे, दुसऱ्याचे त्यावर.

याचा परिणाम प्रथमदर्शनी विपरीत वाटतो. दोन्ही खेळाडूंकडे प्रत्येकी एकच जीवनगुण उरला आहे आणि दोघांच्याही पत्त्यावर 'जेव्हा एखादा प्राणी मरतो, तेव्हा प्रतिस्पर्ध्याचा एक गुण कमी होतो' असा मजकूर आहे, असे समजू. एक प्राणी मरतो. दोन्ही नियम जागे होतात. ज्याची पाळी, त्याचा नियम चळतीत खाली जातो. दुसऱ्याचा वर बसतो व आधी अमलात येतो. पाळी असलेला खेळाडू शून्यावर येऊन तत्क्षणी हरतो. त्याचा स्वतःचा नियम चळतीतच राहून जातो.

आणखी एक तरतूद लक्षणीय आहे. नियम एकदा चळतीवर आला की तो ज्या पत्त्यामुळे जागा झाला तो पत्ता नष्ट झाला तरी नियम टिकतो. ऋणको मेला तरी ऋण उरावे तसा हा प्रकार आहे.

पाच-तीन-दोन : ओढण्याचा क्रम

ऋणाचा उल्लेख केवळ अलंकार म्हणून केलेला नाही. पाच-तीन-दोन या तिघांच्या खेळात तीस पाने, प्रत्येकी दहा. पाच, तीन व दोन हात करण्याची जबाबदारी पाळीपाळीने येते. ज्याने जादा हात केले तो पुढच्या डावात, कमी हात करणाऱ्याच्या पानांतून न पाहता तितकी पाने ओढतो आणि बदल्यात आपल्याकडची नकोशी पाने देतो. मागचा डाव संपला तरी त्यातून उद्भवलेला हक्क नव्या डावात अमलात येतो.

आता एकाचे दोन हात कमी पडले आणि उरलेल्या दोघांचा प्रत्येकी एक जादा झाला. दोघांचा हक्क एकाच्याच पानांवर. त्याच्याकडे एकच एक्का आहे असे धरू. पहिल्याने पान ओढले व लगेच परत दिले, नंतर दुसऱ्याने तसेच केले, तर पहिल्याला एक्का मिळण्याची संभाव्यता १/१० येते. दुसऱ्याच्या वेळी दहा पाने पुन्हा पूर्ण झालेली असतात, पण एक्का आधीच गेलेला असू शकतो; म्हणून त्याची संभाव्यता ९/१० × १/१० = ९/१००. शिवाय पहिल्याने दिलेली सत्ती त्याच्या नशिबी येण्याचा धोका वेगळाच! याउलट दोघांनी आधी ओढून घ्यायचे आणि मग दोघांनी परत द्यायचे असे ठरविले, तर दुसऱ्यासमोर नऊच पाने उरतात व त्याची संभाव्यता ९/१० × १/९ = १/१० होते. हक्क तोच, पाने तीच. केवळ परतफेडीचा क्षण पुढे ढकलल्याने दोघे समान पातळीवर येतात.

गंजिफा

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. निम्म्या रंगांत प्रधानाखाली दहाचे पान थोर, तर निम्म्यांत एकाचे. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे, त्याने खेळ सुरू करावा. रात्री कृष्णाचा राजा असणाऱ्याने. येथे अट पत्त्यांत नसून आकाशात आहे. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यातच होती. शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी या चित्रकलेला नवजीवन दिले. त्यामुळे पाने टिकली. ती आज विकत मिळतात, पण ती घेणाऱ्यांपैकी खेळणारे विरळा. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी आमचे विद्यार्थी जुन्या खेळाडूंकडे जातात तेव्हा पानांची नावे व चित्रे टिपून परततात. त्यांनी प्रथम विचारावा असा प्रश्न माझ्या मते हा : दिवेलागणीच्या आधी वाटलेला आणि दिवेलागणीनंतर उतारी झालेला डाव रामाचा धरायचा, की कृष्णाचा?