रेंज गेली तरी वेबसाइट चालू!

धुळे-नागपूर महामार्गावर, मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधलं वडनेर भोलजी. समजा, इथल्या एखाद्या शाळेला गावाची माहिती देणारी वेबसाइट हवी आहे. शोधायची सोय हवी, याद्या हव्यात, फोटो हवेत; पण नेटचा भरवसा नको. मग सगळी साइट एका सीडीवर भरून चालवता येईल? येते की! त्यामागच्या या गमतीजमती.

ऑर्डर आल्यावर फोडणी
साधी वेबसाइट म्हणजे आधीच भरलेला डबा. डेटाबेसवाली साइट म्हणजे ऑर्डर आल्यावर फोडणी देणारा ढाबा. तुम्ही नाव शोधता, सर्व्हर डेटाबेसमधून माहिती काढतो आणि पान त्या क्षणी तयार होतं. म्हणून नुसती पानं सीडीवर टाकून भागत नाही, सर्व्हरही सोबत न्यावा लागतो. तिथे इंटरनेटचं मात्र काहीच काम नसतं.

स्वतःलाच फोन
प्रत्येक संगणकाला स्वतःशी बोलण्याचा एक पत्ता असतो: १२७.०.०.१. ब्राउझरमध्ये तो टाकला की विचारणारा आणि उत्तर देणारा एकच. या कामासाठी १२७ने सुरू होणारे तब्बल १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते राखून ठेवलेत. वापरात येतो बहुधा हा एकच!

सीडीच्या ७०० एमबीत तिघांचा संसार
अपाची हा सर्व्हर, पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस. २००२मध्ये आलेल्या झॅम्पनं ही मंडळी एका पाकिटात बांधली. पुढे 'सर्व्हर-टू-गो'सारखी साधनं आली. त्यांच्यामुळे सीडी घातली, की काही इन्स्टॉल न करता साइट उघडायची.

लेकींच्या नावाचे डेटाबेस
मायएसक्यूएलमधली 'माय' ही त्याचे एक जनक मायकेल विडेनियस यांची मुलगी. त्यांच्या पुढच्या डेटाबेसचं नाव मारियाडीबी, ते धाकट्या मारियावरून. मुलगा मॅक्सही सुटला नाही, मॅक्सडीबी त्याच्या नावावर आहे.

घोडं अडतं ते लिहिण्यापाशी
सीडी फक्त वाचता येते. डेटाबेसला मात्र नुसतं वाचतानाही काहीबाही लिहायची खोड असते: नोंदी, कुलपं, तात्पुरत्या फाइली. जुना उपाय म्हणजे डेटा हार्ड डिस्कवरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यायचा. २०१३मध्ये आलेल्या मायएसक्यूएल ५.६मध्ये 'फक्त वाचा' अशी खास सोयच देण्यात आली, डीव्हीडीवरून डेटाबेस वाटणाऱ्यांचा विचार करून.

युद्धनौकेवरून खिशात
रिचर्ड हिप अमेरिकी नौदलाच्या 'ऑस्कर ऑस्टिन' या युद्धनौकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांचा चांगला चालणारा प्रोग्रामही हात वर करायचा. म्हणून २०००मध्ये त्यांनी सर्व्हरच नसलेला डेटाबेस बनवला: एसक्यूलाइट. अख्खा डेटाबेस एकाच फाइलमध्ये, म्हणजे सीडीसाठी सोन्याहून पिवळं. परवान्याची कटकट नाही, तो सर्वांसाठी खुला आहे. तुमच्या मोबाइलमध्येही तो आत्ता काम करतोय.

पाच किलोमीटरची गुंडाळी
सीडीवरची माहिती एका सलग सर्पिल रेषेत असते. उलगडली तर ती पाच किलोमीटरच्या वर जाईल, आणि ती वाचली जाते आतून बाहेर. गाणं ओळीनं ऐकायला हे ठीक. पण डेटाबेस या टोकावरून त्या टोकावर उड्या मारतो, म्हणून सीडीवरची साइट रेंगाळते. मूळ वेग होता सेकंदाला १५० केबी. '५२एक्स' म्हणजे त्याच्या जास्तीत जास्त ५२ पट.

कुठलं वडनेर?
वडनेर भैरव नाशिक जिल्ह्यात, वडनेर गंगाई अमरावतीत, भोलजी आपल्या बुलढाण्यात. नुसतं 'वडनेर' टाकलं तर डेटाबेसनं कुणाला हाक मारायची? म्हणून ओळख नावावर नाही, आकड्यावर ठेवतात. २०११च्या जनगणनेत देशातल्या प्रत्येक गावाला सहा आकडी स्वतंत्र क्रमांक मिळाला, तो यासाठी अगदी तयार.

'ळ'ची पळवापळवी
आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. क्ष, ज्ञ शेवटी. संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ळ बसलाय ल आणि व यांच्या मधे, तर क्ष सापडतो क मध्ये. मराठीचा क्रमनियम वेगळा लावला नाही, तर गावांची यादी भलतीच लागते. शिवाय यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट खातं. तरीही एका सीडीत अशी २४ कोटी चिन्हं मावतात!

आपल्याकडे हे होतंच
एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम केलेल्यांना आठवेल: 'इरा' या ई-लर्निंगचे धडे केंद्रातल्याच सर्व्हरवरून वर्गातल्या संगणकांवर यायचे. निवडणूक आयोग मान्यताप्राप्त पक्षांना मतदार यादी मोफत देत आलाय, सीडीवरही. मल्याळम विकिपीडियानं २०१०मध्ये निवडक ५०० लेखांची सीडीच काढली.

आता दीडशे सीडी एका पेनड्राइव्हवर
२००७मध्ये सुरू झालेल्या 'किविक्स' या सॉफ्टवेअरनं वेगळी वाट धरली. डेटाबेस न्यायचाच नाही, तयार पानं दाबून एका फाइलमध्ये भरायची आणि शोधाची सूची सोबत द्यायची. चित्रांसह सगळा इंग्रजी विकिपीडिया १०० जीबीच्या आसपास बसतो. २००३मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडियाही या रूपात मिळतो आणि साध्या स्मार्टफोनवर नेटशिवाय उघडतो.

नऊशे वर्षं टिकलं ते चामडं
इंग्लंडच्या 'डूम्सडे बुक' या १०८६च्या नोंदवहीला नऊशे वर्षं झाली, म्हणून बीबीसीनं १९८६मध्ये गावोगावची माहिती लेझरडिस्कवर भरली. दहा लाखांहून जास्त लोकांनी हातभार लावला. पंधराएक वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रंच दुर्मीळ झाली आणि माहिती वाचवायला तज्ज्ञ बसवावे लागले. चामड्यावरची मूळ वही मात्र आजही वाचता येते. तेव्हा गावाची साइट सीडीवर भरा, पेनड्राइव्हवर भरा. पण सगळा डेटा साध्या मजकुराच्या फाइलमध्येही उतरवा आणि एक छापील प्रत शाळेच्या कपाटात ठेवा. तिला ना सर्व्हर लागतो, ना ड्राइव्ह.