केतकी शेठ यांची छायाचित्रकला

सिद्दी हा शब्द उच्चारतांच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम जंजिरा उभा राहतो. समुद्रांतील तो किल्ला शिवछत्रपतींना मिळाला नाहीं, संभाजीमहाराजांना मिळाला नाहीं, पेशव्यांनाहि मिळाला नाहीं. तेथील सिद्दी नबाबांचें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याहून मागें गेलें तर मलिक अंबर आठवतो. हबसाणांत जन्मलेला व गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला आणि १६२६ सालीं मरण पावला. परंतु आफ्रिकेंतून गुलाम, शिपाई वा खलाशी म्हणून आलेल्या या लोकांचे वंशज आजहि आपल्या शेजारीं नांदत आहेत, इकडे बखरीच्या वाचकाचें लक्ष क्वचितच जातें. तें वेधून घेण्याचें काम मुंबईच्या एका छायाचित्रकर्त्रीनें केलें.

केतकी शेठ यांचा जन्म १९५७ सालचा, मुंबईंतला. होमाई व्यारावाला यांचीं आरंभींचीं चित्रें पतीच्या नांवानें छापावीं लागलीं होतीं. केतकीबाईंच्या पिढीला निदान ती अडचण उरली नव्हती. प्रारंभीं त्यांचा कॅमेरा मुंबईच्या रस्त्यांवरून हिंडला. त्यांना उत्तेजन देणारे रघुबीर सिंग रंगीत छायाचित्रांसाठीं ख्यातनाम. केतकीबाईंनीं मात्र कृष्णधवल फिल्मच पसंत केली. गुरूचा मान राखून गुरूची वाट सोडणें सर्वांनाच साधत नाहीं. ब्रिटनमधील व हिंदुस्थानांतील पटेल घराण्यांतल्या जुळ्या भावंडांच्या तसबिरींचें त्यांचें पुस्तक १९९९ सालीं निघालें, आणि मुंबईच्या रस्त्यांवरचीं चित्रें २००७ सालीं ‘बॉम्बे मिक्स’ या नांवानें प्रसिद्ध झालीं.

२००५ सालीं गुजराथेंतील गीरच्या अरण्यप्रदेशांत त्यांना सिद्दींची एक वस्ती पाहावयास मिळाली. तेथून पुढें कांहीं वर्षें त्या गुजराथेंतील व कर्नाटकांतील सिद्दी गांवांत पुनः पुनः जात राहिल्या. येथें एक अवघड प्रश्न होता. कॅमेऱ्यानें या देशांतील माणसांना पूर्वीं कसें वागविलें हें जुन्या ग्रंथांवरून कळतें. १८६८ ते १८७५ या काळांत इंग्रज सरकारनें ‘पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथाचे आठ खंड काढले. त्यांत माणूस म्हणजे जातीचा केवळ एक नमुना. आजचा प्रवासीहि सिद्दींचें धमाल नृत्य पाहतो, चार चित्रें टिपतो आणि निघून जातो. कुरळे केस व काळा वर्ण एवढेंच दाखविणारें चित्र कौतुकाचें असलें तरी तें माणसाचें चित्र नव्हे. केतकीबाईंचीं चित्रें वेगळीं ठरतात तीं येथें. घर, अंगण, लग्नकार्य, मुलें, म्हातारीं माणसें, असा साधा संसार त्यांत आहे. चित्रांतील व्यक्ति आपल्याकडे पाहते तेव्हां आपणच परके आहों असें पाहणाराला वाटूं लागतें.

‘ए सर्टन ग्रेस’ हें त्यांचें पुस्तक २०१३ सालीं बाहेर पडलें. त्याची प्रस्तावना महमूद ममदानी यांची आहे. हे विद्वान मुंबईंत जन्मले आणि युगांडांत कंपाला येथें वाढले. म्हणजे सिद्दींच्या पूर्वजांच्या उलट दिशेनें त्यांनीं समुद्र ओलांडला.

यानंतर केतकीबाईंनीं देशोदेशींच्या नव्हे, आपल्याच गांवोगांवच्या जुन्या फोटो स्टुडिओंकडे मोर्चा वळविला. रंगविलेले पडदे, मखमली खुर्च्या, पुतळ्यासारखीं ताठ बसलेलीं गिऱ्हाइकें, हें सारें डिजिटल कॅमेऱ्यापुढें मावळत चाललें होतें. २०१८ सालच्या या ‘फोटो स्टुडिओ’ चित्रमालेसाठीं त्यांनीं स्वतःहि डिजिटल कॅमेराच हातीं घेतला, आणि इतक्या वर्षांच्या कृष्णधवल साधनेनंतर चित्रांत रंग येऊं दिला.