गुन्हा आणि विनंती

एखाद्या सत्तेची खरी मूल्ये ओळखायची असतील तर तिची प्रवचने बाजूला ठेवून तिच्या शिक्षांची यादी वाचावी. ती कशाला गुन्हा ठरवते आणि कशाबद्दल नुसता उपदेश करते, यातून तिची बांधिलकी कळते. पोपच्या धर्मसत्तेचा गोव्यातील इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

तिसरे पोप पॉल यांनी 1536 मध्ये पोर्तुगालला इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह हुडकून शिक्षा देणारे न्यायालय, स्थापण्यास मान्यता दिली. 1560 मध्ये ते गोव्यात आले आणि 1774 ते 1778 ही वर्षे वगळता 1812 पर्यंत चालले. मान्यता पोपची, अंमल राजाचा. आरोपीला तक्रारदाराचे नाव सांगत नसत. आरोपही न सांगता त्यानेच तो कबूल करावा अशी अपेक्षा असे. दमणला पकडलेला फ्रेंच डॉक्टर देलाँ याने सुटकेनंतर 1687 मध्ये पुस्तक लिहून ही कोठडी जगापुढे मांडली. वनौषधींचे जाणकार गार्सिया द ओर्ता 1568 मध्ये वारले; छुपेपणाने ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून 1580 मध्ये त्यांची हाडे उकरून जाळण्यात आली. 1736 च्या फर्मानाने तर ख्रिस्ती घरात तुळस ठेवणे, बिनमिठाचा भात शिजवणे यांवरही बंदी घातली.

म्हणजे भातातले मीठसुद्धा या न्यायालयाच्या नजरेतून सुटले नाही. जात मात्र सुटली.

मदुरैचा जेझुइट धर्मगुरू रोबेर्तो द नोबिली ब्राह्मण ख्रिस्त्यांना जानवे व शेंडी ठेवू देत असे. यावर 1619 मध्ये गोव्यात धर्मगुरूंची सभा झाली, वाद रोमला गेला. 1623 मध्ये पंधरावे पोप ग्रेगरी यांनी निर्णय दिला: जानवे, शेंडी, गंध ही कुलीनतेची सामाजिक चिन्हे मानून ठेवता येतील. त्याच आज्ञापत्रात त्यांनी उच्चकुलीनांना, हलक्या मानलेल्यांना तुच्छ लेखू नका, अशी कळकळीची विनंतीही केली. जानव्याला परवानगी मिळाली. अस्पृश्याच्या वाट्याला विनंती आली. विनंती मोडणाऱ्याला कोठडी नव्हती. गोव्यातील चर्चच्या कोंफ्रारी, म्हणजे धार्मिक मंडळ्या, पुढेही जातवार राहिल्या.

हे वाचून हिंदू धर्ममार्तंडांनी हर्ष मानू नये. ती जात त्यांच्याच घरातून चर्चमध्ये गेली होती. इन्क्विझिशनच्या क्रौर्यावर जे आज तावातावाने बोलतात, त्यांनी मनुस्मृतीतील शिक्षांची यादीही त्याच आवाजात वाचावी.

विनंतीचा गुन्हा केला तो बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या संविधानाने. 1950 मध्ये अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे आचरण शिक्षापात्र ठरवले. 1955 चा अस्पृश्यता (अपराध) कायदा आणि 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा त्यातूनच आले. 1961 च्या मुक्तीनंतर गोवाही या संविधानाखाली आला.

परंतु विनंती परत येऊ पाहते. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालील अटकेला पूर्वमंजुरीची अट घातली. देशभर लोक रस्त्यावर उतरले आणि त्याच वर्षी संसदेला ती दूर करावी लागली. आमच्या जालन्यासारख्या जिल्ह्यात अत्याचारानंतर पीडिताला ऐकू येणारा पहिला सल्ला अजूनही ‘मिटवून घ्या’ हाच असतो. 1623 चीच ही विनंती, फक्त आता ती पीडितालाच केली जाते. म्हणून फिर्याद नोंदवून घेणे हे कार्यकर्त्याचे पहिले काम आहे.