लिथियम आणि मनाचा तोल

मीठ म्हटले की आपल्याला जेवणाचे ताट आठवते. पण मिठातल्या सोडियमचे भावंड असलेले लिथियम हे मनाच्या एका कठीण दुखण्यावर औषध आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. या दुखण्यात माणूस कधी उत्साहाच्या भरात झोपही विसरतो, तर कधी इतका खचतो की त्याला जीव नकोसा होतो.

ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादाच्या दहा रोग्यांना लिथियम देऊन आलेला अनुभव प्रसिद्ध केला. पहिला रोगी कित्येक वर्षांचा आजारी; तो काही महिन्यांत घरी गेला. पण बरे वाटले म्हणून त्याने औषध सोडले, आणि दुखणे उलटले. औषध पुन्हा सुरू झाले, ते अंगात वाजवीपेक्षा जास्त साठले आणि १९५० साली तो दगावला.

मग हे औषध मेंदूत करते तरी काय? मेंदूतल्या पेशींमध्ये बारीकशी फट असते. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचतो तो रसायनांकरवी. सिरोटोनिन हे त्यांपैकीच एक. अन्नातल्या ट्रिप्टोफॅनपासून मेंदू ते स्वतः तयार करतो. पुरेसे सिरोटोनिन बाहेर पडले, की पेशी हात आखडता घेते. जणू तिला लगामच असतो. लिथियम हा लगाम सैल करते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले. म्हणूनच विषण्णतेवरची नेहमीची औषधे लागू पडली नाहीत, तर जोडीला लिथियम देतात. अर्थात सगळे श्रेय सिरोटोनिनला देऊन चालणार नाही. पेशीच्या आतल्या कारभारातही लिथियम हात घालते.

आता व्यवहाराची गोष्ट. रक्तात लिथियम साधारण ०.६ ते १.० मिलिमोल दर लिटरला असावे, १.५ च्या वर गेले की धोका. अंगातले मीठपाणी कमी झाले, की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात. तेव्हा जुलाब, उलट्या, उन्हाळ्यातला घाम, कडकडीत उपवास आणि अळणी जेवण यांबाबत जपा. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळीही विचारल्याशिवाय घेऊ नका. हात फार कापू लागले, बोलणे जड झाले, चालताना तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि घरात कुणी म्हणेल, “आता बरं आहे ना, मग गोळी कशाला?” तर त्याला सांगा, गोळी चालू आहे म्हणूनच बरं आहे. सोडायचीच झाली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.